कंबर धरते, गाडी कुठली घेऊ?

पत्र: नमस्कार. मी कराडला राहतो, नोकरी साताऱ्याला एमआयडीसीत, रोज जाऊन-येऊन शंभरेक किलोमीटर होतात. वय ४४, उंची पाच फूट अकरा. गेल्या वर्षी एमआरआयमधे एल-फोर एल-फाइव्हला (कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्याच्या मधे) गादी सरकलीय असं निघालं. डॉक्टर म्हणाले ऑपरेशन नको, व्यायाम करा आणि प्रवास कमी करा. आता प्रवास कसा कमी करणार? सध्याची गाडी २०१३ची हॅचबॅक, मॅन्युअल. अर्ध्या तासात कंबर भरून येते, डाव्या पायाला मुंग्या येतात, उतरलो की पहिली चार पावलं वाकूनच चालतो. गंमत म्हणजे कंपनीतला मित्र माझीच गाडी चालवतो आणि मी शेजारी बसतो तेव्हा एवढा त्रास होत नाही. सगळे म्हणतात मोठी चेसिसवाली एसयूव्ही घे, खड्डे कळणारच नाहीत. सेल्समन म्हणतो टॉप मॉडेल घ्या, मोठे अलॉय येतात. बायकोपण चालवते, तिची उंची पाच-एक. आई ७२ वर्षांची, गुडघे दुखतात, पौर्णिमेला तिला नरसोबाच्या वाडीला न्यावं लागतं. बजेट ऑनरोड १३-१४ लाख. नेमकी गाडी सांगा. आणि डीलर लेदरची सीट कव्हरं फुकट देतोय, घेऊ का?

उत्तर:

दादा, तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तुम्ही ‘गंमत म्हणजे’ म्हणून सोडून दिलंय. गाडी तीच, रस्ता तोच, खड्डे तेच, शॉकअप तेच, फक्त तुम्ही उजवीकडून डावीकडे बसलात आणि दुखणं कमी झालं. खड्ड्यांमुळंच दुखत असतं तर शेजारी बसूनही तेवढंच दुखलं असतं की नाही? म्हणजे तुमच्या केसमधे पहिला आरोपी ड्रायव्हरची सीट आणि क्लच, खड्डे दोन नंबरला. आणि तुमचे सगळे मित्र दोन नंबरच्या आरोपीसाठी चौदा लाख खर्च करायला सांगतायत.

कंबरदुखीवाल्याला गाडीत दोन तऱ्हेचा त्रास होतो. एक बसून होणारा आणि दुसरा आदळून होणारा. बसून होणारा हळूहळू चढतो, चांगल्या गुळगुळीत रस्त्यावरही होतो, अर्ध्या-पाऊण तासानं सुरू होतो आणि उतरल्यावर लगेच सरळ होता येत नाही. आदळून होणारा म्हणजे एखाद्या खड्ड्यात गाडी धाडकन बसली आणि तिथंच कळ गेली, किंवा खराब रस्ता संपेपर्यंत दुखत राहिलं आणि चांगला रस्ता लागला की उतरलं. बहुतेकांना दोन्ही थोडं थोडं असतं पण एक जास्त असतो, आणि कुठला जास्त ते माहीत नसताना शोरूमला गेलात तर सेल्समन सांगेल तीच गाडी घेऊन याल. तुमचा पहिला प्रकार आहे. तुमच्या आईचा बहुधा दुसरा, शिवाय चढ-उताराचा वेगळाच, त्याच्याकडे नंतर येतो.

बसल्यानं एवढं का दुखतं? स्वीडनचे ऑर्थोपेडिक सर्जन आल्फ नाकेमसन यांनी १९६०च्या दशकात जिवंत माणसांच्या मणक्याच्या गादीत सुई घालून आतला दाब मोजला होता. उभं राहण्यापेक्षा आधाराशिवाय बसल्यावर दाब जास्त आणि पुढं वाकून बसलं की अजून जास्त, असं त्यात निघालं. पाठ मागं टेकून, कंबरेच्या पोकळीत आधार देऊन बसलं की दाब उतरतो हेही त्यानंतरच्या कामातून दिसलं. आता तुमची हॅचबॅक डोळ्यासमोर आणा. तुम्ही पाच अकरा. पाय नीट बसावेत म्हणून सीट मागं घेतली की स्टिअरिंग लांब जातं, कारण त्या काळातल्या बहुतेक हॅचबॅकचं स्टिअरिंग वर-खाली होतं, पुढं-मागं होत नाही. मग तुम्ही खांदे पुढं काढून चालवता, कंबर सीटपासून सुटते, मधे पोकळी राहते, आणि त्या अवस्थेत हायवेच्या सहापदरीकरणामुळं सेवा रस्त्यावर काढलेल्या डायव्हर्जनमधे पहिला-दुसरा, पहिला-दुसरा करत डाव्या पायानं शेकडो वेळा क्लच दाबता. क्लच दाबताना मांडी उचलली जाते, कंबर किंचित वळते, पाय ताणला की नसही ताणली जाते. ज्या पायात मुंग्या त्याच पायाला हे काम, मग काय होणार? शेजारी बसलात की क्लच नाही, स्टिअरिंग नाही, पाठ टेकलेली. म्हणून बरं वाटतं.

तर गाडी कुठलीही घ्या, माझ्या मते तुमच्यासाठी तीन गोष्टींवर तडजोड नाही. ऑटोमॅटिक, पुढं-मागं होणारं म्हणजे टेलिस्कोपिक स्टिअरिंग, आणि ड्रायव्हर सीटला उंची कमी-जास्त करायची सोय. सनरूफ, मोठी स्क्रीन, ते निळे-जांभळे लाइट हे सगळं याच्यानंतर.

चेसिसवाल्या गाडीचं

मित्रांना वाटतं वजनदार आणि उंच गाडी म्हणजे आराम. रस्त्यावरून बघताना ती खड्ड्यातून सरळ जाते हे खरंय, गाडीचं काही बिघडत नाही. आतल्या माणसाचं काय होतं ते वेगळं. बोलेरो, थार, जिम्नी असल्या गाड्यांमधे शिडीसारखी वेगळी चेसिस असते, वर बॉडी बसवलेली, आणि मागं दोन्ही चाकांना जोडणारा जाड अखंड ॲक्सल. तो ॲक्सल जड असतो, एक चाक खड्ड्यात गेलं की दुसऱ्यालाही हलवतो आणि गाडी उंच असल्यामुळं आतल्या माणसाचं डोकं-खांदे डावी-उजवीकडं झुलतात. स्प्रिंगाही वजन वाहायच्या हिशोबानं बसवलेल्या, त्यामुळं एकटा माणूस रिकामी गाडी चालवत असेल तर ती उड्या मारते. फॉर्च्युनर केवढ्याची गाडी, पण कमी स्पीडला खराब रस्त्यावर तिच्या मागच्या सीटवर बसून बघा एकदा, मग आपण बोलू. नव्या चेसिसवाल्या गाड्या खूप सुधारल्यात हे मान्य, तरी कंबरेसाठी म्हणून ही जात निवडायचं कारण मला दिसत नाही. तुमच्या बजेटमधे मोनोकॉक म्हणजे बॉडी-चेसिस एकसंध असलेली गाडीच बरी.

आणि हो, झुलण्याचा मुद्दा हलक्यात घेऊ नका. वर-खाली दणका बसला तर शरीर तो काही प्रमाणात झेलतं, पण सतत डावी-उजवी हेलकावे बसले की कंबरेचे स्नायू सावरत राहतात आणि संध्याकाळी पाठ लाकडासारखी होते. बसलेल्या माणसाच्या मणक्याला सेकंदाला साधारण ४ ते ८ वेळा होणारी वर-खाली थरथर सगळ्यात जास्त बाधते, ट्रॅक्टर आणि ट्रकवाल्यांच्या कंबरा जातात त्यात या थरथरीचा हात मोठा. खड्डा एकदा लागतो आणि मागं जातो, ही बारीक थरथर मात्र तासभर चालू राहते आणि आपल्याला कळतही नाही. म्हणून टेस्ट ड्राइव्हला नुसता मोठा खड्डा शोधत बसू नका, खडबडीत डांबरावर ५०-६० च्या स्पीडला सीटमधून काय जाणवतं तेही बघा.

आधी जुन्या गाडीचं बघा

नवी गाडी लगेच उद्या येणार नाही, तोपर्यंत शंभर किलोमीटर रोज आहेतच. पहिलं, हवा. ड्रायव्हरचा दरवाजा उघडला की खांबावर स्टिकर असतो, त्यावर किती हवा भरायची ते लिहिलेलं असतं. पंपावरचा पोरगा न विचारता सगळ्यांना सरसकट जास्त भरतो, त्याच्या हिशोबानं टाइट हवा म्हणजे चांगली हवा. चार-पाच पॉइंट हवा जास्त असली तर टायर दगड होतो आणि प्रत्येक बारीक खडा कंबरेपर्यंत येतो. सकाळी गाडी थंड असताना, जवळच्याच पंपावर, स्टिकरवरचा आकडा सांगून भरून घ्या. स्टिकरपेक्षा कमी मात्र करू नका, हायवेला टायर तापतो.

दुसरं, दहा-बारा वर्षं जुनी गाडी म्हणजे शॉकअप आणि बुश (सस्पेन्शनच्या सांध्यांतली रबरं) कधी बदललेत ते आठवा. मेकॅनिकला गाडी जॅकवर घेऊन बघायला सांगा, शॉकअप ओला दिसला म्हणजे तेल सुटलंय.

तिसरं, सीटचा फोम. तुमच्या सीटचा फोम नक्की बसला असणार, विशेषतः ज्या बाजूनं रोज चढता-उतरता ती कड. कड बसली की माणूस एका बाजूला कलून बसतो. कुशनवाल्याकडं सीट खोलून फोम बदलून मिळतो, नव्या गाडीच्या मानानं किरकोळ खर्च. आणि पाकीट मागच्या खिशात असेल तर आधी ते काढा! एका कुल्ल्याखाली जाड पाकीट ठेवून शंभर किलोमीटर म्हणजे रोज दोन तास तिरकं बसणं, आणि पाकीट ज्या बाजूला त्या बाजूची नस दाबली जायची शक्यता वेगळीच.

चौथं, टॉवेल. हात पुसायचा छोटा टॉवेल गुंडाळा, मनगटाएवढा जाड, आणि बरोबर बेल्टच्या रेषेत, पाठीच्या पोकळीत ठेवा. दुकानात मिळतात त्या फुगीर लंबर (कंबरेच्या) उशा बहुतेक जाड असतात आणि वर सरकून पाठीच्या मधोमध टोचतात, माणूस अजून पुढं ढकलला जातो. टॉवेल घट्ट-सैल करता येतो. हे आठ-दहा दिवस करून बघा, फरक पडला तर नव्या गाडीत काय शोधायचंय ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळेल.

शोरूममधे

तिथं गेल्यावर बॉनेट उघडायला लावू नका, सीटवर बसा. रोजची ऑफिसची पँट, रोजचे बूट. आणि खरंच वीसेक मिनिटं बसा, सेल्समनला चहा आणायला पाठवा. दोन मिनिटं बसलं की सगळ्याच सीटा छान वाटतात, मऊ असतील तर जास्तच, आणि मऊपणावर बहुतेक लोक फसतात. सोफ्यासारखी सीट अर्ध्या तासात खाली बसते, कंबर मागं गोल होते. जरा कडक वाटली तरी पाठीचा आकार धरणारी सीट लांबच्या प्रवासाला बरी.

बसायची रीत अशी. आधी ढुंगण अगदी मागं कोपऱ्यात टेकवा. सीटची उंची एवढी की कंबर गुडघ्याच्या लेव्हलला किंवा किंचित वर यावी, खाली नको. ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. पाठ साधारण १०० ते ११० अंशात, म्हणजे काटकोनापेक्षा थोडी मागं, आरामखुर्ची नाही. मग स्टिअरिंग जवळ ओढा, खांदे न उचलता मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे. आता डावा हात कंबर आणि सीटच्या मधे घालून बघा. हात सहज आरपार जात असेल तर ती सीट तुम्हाला आधार देत नाहीये, मग ब्रोशरवर लंबर सपोर्ट लिहिलेलं असो नसो. दुसरं, मांडीखाली बघा. उंच माणसाला आपल्याकडच्या छोट्या गाड्यांच्या सीटा आखूड पडतात, गुडघ्याच्या मागं वीतभर मांडी हवेत राहते आणि सगळं वजन बैठकीवर येतं. तीन-चार बोटांची जागा सोडून बाकी मांडी टेकलेली हवी.

एवढं सगळं तुमच्या उंचीला जमलं की वहिनींना बसवा. पाच-एक आणि पाच-अकरा, दोघांना एकच सीट बसायची म्हणजे उंची ॲडजस्ट आणि टेलिस्कोपिक दोन्ही लागणारच, नाहीतर तुमची कंबर सुटेल आणि त्यांची धरेल. वरच्या व्हेरियंटमधे ड्रायव्हर सीट बटणावर चालते, त्यात काही गाड्यांत बैठकीचा पुढचा भागही उचलता येतो, मांडीला आधार मिळतो. टॉप मॉडेल घ्यायचंच झालं तर त्यासाठी घ्या.

एक बारकी गोष्ट लोक बघत नाहीत, पेडल आणि स्टिअरिंग सीटच्या सरळ रेषेत आहेत का. काही गाड्यांत पेडल एका बाजूला सरकलेले असतात आणि माणूस कंबरेतून किंचित पिळून बसतो. सीटवर सरळ बसून पाय सहज पुढं टाका, बूट कुठं पडतो ते बघा.

ऑटोमॅटिक, पण कुठला

आपल्याकडं ऑटोमॅटिक म्हटलं की सगळं एकच समजतात. एएमटी म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच-गिअर मशीन टाकतं. स्वस्त आहे, ॲव्हरेज चांगलं, डाव्या पायाची सुटका होते, पण गिअर बदलताना गाडी क्षणभर अडखळते आणि मान पुढं-मागं होते. मोकळ्या हायवेला चालून जाईल, कराडच्या कोल्हापूर नाक्यावरच्या गर्दीत रोज सापडत असाल तर तो प्रत्येक हिसका कंबरेला कळेल. टॉर्क कन्व्हर्टर (क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणारा) किंवा सीव्हीटी (ठरावीक गिअरच नसलेला) यात गाडी लोण्यासारखी निघते, तुमच्यासाठी हेच. ड्युअल क्लच (आत दोन क्लच असलेला ऑटोमॅटिक) पळायला मस्त, पण बंपर टू बंपरमधे सगळेच सारखे नसतात, चालवूनच ठरवा. बजेट फारच ओढलं गेलं तर एएमटी चालेल, मॅन्युअलपेक्षा बरंच.

इलेक्ट्रिकचा विचार करताय का ते लिहिलं नाहीत. रोजचे शंभर किलोमीटर आणि घरी चार्जिंगची सोय असेल तर कंबरेच्या बाजूनं वाईट नाही, गिअर नाहीत, इंजिनाची थरथर नाही, बॅटरीचं वजन खाली असल्यानं गाडी झुलते कमी. फक्त ॲक्सिलरेटर सोडला की आपोआप ब्रेक लागतो ते रिजनरेशन कमीवर ठेवा, नाहीतर नवशिक्यासारखे झटके बसतात.

टायरचा आकडा वाचा

टायरवर १८५/६५ आर १५ असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमधे, दुसरा म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के, तिसरा रिम किती इंची. भिंत जेवढी उंच तेवढं रबर आणि हवा तुमच्या आणि खड्ड्याच्या मधे. स्विफ्टचं घ्या, खालच्या मॉडेलला १६५/८० आर १४ म्हणजे भिंत १३२ मिलिमीटर, वरच्याला १८५/६५ आर १५ म्हणजे १२० मिलिमीटर. गाडी एक, सस्पेन्शन तेच, पण बारा मिलिमीटरची गादी अलॉयच्या नादात गेली. प्रत्येक वेळी असंच असतं असं नाही हां, नेक्सॉनमधे खाली १९५/६० आणि वर २१५/६०, रिम दोन्हीला १६ इंची, त्यामुळं तिथं उलट वरच्या मॉडेलची भिंत जास्त, ११७ ला १२९. म्हणून सेल्समनचं ऐकू नका, मोबाइल काढा, गुणाकार करा. आणि बाहेरून मोठे अलॉय बसवून घ्यायचा विचार तर डोक्यातही आणू नका.

टेस्ट ड्राइव्ह

शोरूमपासून हॉटेलपर्यंत जाऊन यू टर्न मारून परत, याला मी टेस्ट ड्राइव्ह म्हणत नाही. तुम्हाला जे व्हेरियंट घ्यायचंय त्याच टायरची गाडी मागा, हवा किती आहे ते निघायच्या आधी बघा, आणि तुमच्या नेहमीच्या रस्त्याला न्या. सहापदरीकरणाच्या कामामुळं जिथं गाडी सेवा रस्त्यावर उतरवावी लागते तो तुकडा तर हवाच. तिथं ३०-४० नं चालवा. एखाद्या गतिरोधकावरून १५-२० नं सरळ जा. चांगली गाडी एकदा वर जाते, खाली येते आणि गप्प बसते. मागून दुसरी-तिसरी उडी आली तर सस्पेन्शन फार मऊ आहे, आणि धप्पकन हाडापर्यंत आवाज आला तर फार कडक. मग हायवेला ८० नं, पुलाच्या सांध्यांवरून जाताना बघा. काही गाड्या हळू असताना कडक वाटतात आणि स्पीडला छान स्थिरावतात, काहींचं उलटं. तुमचे किलोमीटर हायवेचे जास्त, हे लक्षात ठेवून मार्क द्या.

एक फेरी मागच्या सीटवर बसून मारा, चालवायला सेल्समन. आणि ज्या दिवशी कंबर ठणठणीत आहे त्या दिवशी टेस्ट ड्राइव्ह ठेवू नका, ऑफिसहून थकून आल्यावर संध्याकाळी ठेवा. तेव्हा खरं कळतं. दोन गाड्यांत अडकलात तर सेल्फ ड्राइव्हवाल्याकडून ते मॉडेल एका दिवसासाठी भाड्यानं घ्या, चौदा लाखांपुढं ते भाडं म्हणजे काहीच नाही.

आईंसाठी

गुडघेवाल्या माणसाला सेडान नको, त्यात खाली बसावं लागतं आणि उठताना सगळा जोर गुडघ्यावर. फार उंच गाडीही नको, फूटस्टेपवर चढताना तोच जोर. गाडीशेजारी उभं राहिल्यावर सीटची बैठक साधारण कुल्ल्याच्या लेव्हलला आली की माणूस वाकत नाही आणि चढतही नाही, नुसता मागं टेकतो. कॉम्पॅक्ट एसयूव्ही आणि वॅगनारसारख्या उंच हॅचबॅक इथं जिंकतात. आईंनी आधी सीटवर बाहेर पाय ठेवून टेकायचं आणि मग दोन्ही पाय एकदम आत फिरवायचे, एक पाय आत टाकून कंबर पिळत बसायचं नाही. कॉटनची साडी सीटला अडकते आणि फिरता येत नाही, म्हणून सीटवर एक गुळगुळीत प्लास्टिकची पिशवी पसरायची, भर्रकन फिरता येतं, बसल्यावर काढून घ्यायची. तुम्हीही तसंच चढा-उतरा.

वाडीला जाताना त्यांना पुढं बसवा. एसटीत शेवटच्या बाकावर बसल्यावर काय होतं ते आपल्या सगळ्यांना माहितीये, मागच्या चाकाच्या जितकं जवळ तितकं उडणं. गाडीच्या मधोमध म्हणजे पुढच्या सीटला दणका कमी लागतो. सात सीटर घेऊन कुणाला तिसऱ्या रांगेत बसवणार असाल तर तिथं पोरं बसवा, आईंना नाही.

नावं

आता नावं हवीत तर सांगतो, माझं मत म्हणून घ्या, किमती आणि व्हेरियंट सारखे बदलतात तेव्हा फीचर लिस्ट शोरूममधे स्वतः तपासा. तुमच्या बजेटमधे टॉर्क कन्व्हर्टर मिळणाऱ्यांत ब्रेझा, महिंद्रा थ्री एक्स ओ पेट्रोल, स्कोडा कायलाक, फ्रॉन्क्स टर्बो आणि सिट्रोएन बसाल्ट टर्बो ही यादी. नुसत्या रस्त्याच्या आरामाबद्दल विचाराल तर सिट्रोएनला तोड नाही, खराब रस्ता गिळून टाकते, बसाल्टच्या वरच्या मॉडेलमधे मागच्या सीटला मांडीचा आधार कमी-जास्त करता येतो. पण सर्व्हिस सेंटर तुमच्यापासून किती लांब पडतं ते आधी बघा, रोज शंभर किलोमीटर चालणारी गाडी वर्षातून बऱ्याच वेळा तिथं जाणार आहे. कायलाकची ड्रायव्हर सीट उत्तम, हायवेला गाडी रुळावरून चालल्यासारखी, हळू असताना मात्र थोडी कडक. ब्रेझा कशातच पहिली नाही आणि कशातच नापास नाही, आईंना चढायला सोपी, सर्व्हिस गल्लोगल्ली. नेक्सॉन खड्ड्यात छान आहे, तिथं एएमटी आणि ड्युअल क्लच दोन्ही गर्दीत चालवून बघा.

तुमच्यासाठी मी कायलाक आणि ब्रेझा या दोघींना समोरासमोर ठेवीन, पाठीच्या आकाराला जी धरेल ती. तुमचा त्रास बसून होणारा आहे, तेव्हा माझा कल सीटकडं म्हणजे कायलाककडं जास्त, पण वहिनींना आणि आईंना बसवल्याशिवाय बुकिंगचे पैसे देऊ नका. सीएनजी घ्यायचं मनात असेल तर लक्षात ठेवा, टाकीचं वजन पेलायला मागच्या स्प्रिंगा सहसा कडक करतात आणि तो कडकपणा मागच्या सीटवर जाणवतो, आणि ऑटोमॅटिकबरोबर सीएनजी मिळणाऱ्या गाड्याही मोजक्याच.

गाडी आली तरी पाऊण तासाला एकदा उतरून दोन मिनिटं चालायचं आहेच, कराड-सातारा मधे एकदा थांबलात तरी पुरे. हायवेला मोकळं असेल तेव्हा क्रूझ कंट्रोल (ॲक्सिलरेटर न दाबता ठरलेला स्पीड धरणारी सोय) लावून उजव्या पायाला आराम द्या, डायव्हर्जनमधे बंद. आणि घरी पोचल्या पोचल्या डिकीतून तांदळाचं पोतं किंवा सिलिंडर उचलू नका, तासभर बसून आखडलेल्या कंबरेनं वाकून वजन उचललं की कळ गेलीच म्हणून समजा. आधी अंगणात एक चक्कर, मग सामान.

मी डॉक्टर नाही, म्हणून एवढं मात्र नीट ऐका. पायातल्या मुंग्यांबरोबर पाऊल उचलताना लटकं पडायला लागलं, मांड्यांच्या मधली जागा बधिर वाटली, किंवा लघवी-संडासवरचा ताबा सुटला, तर गाडी-बिडी राहू द्या, त्याच दिवशी, रात्र असली तरी हॉस्पिटल गाठा.

राहिली फुकटची सीट कव्हरं. नको. कंपनीनं सीटला पाठीचा जो आकार दिलेला असतो तो ते जाड फोमवालं कव्हर सपाट करून टाकतं, म्हणजे ज्या सीटसाठी एवढी उठाठेव केली तीच झाकली जाणार, शिवाय सीटच्या कडेला साइड एअरबॅग असेल तर साध्या कव्हरानं ती अडू शकते. डीलरला म्हणा कव्हरं राहू देत, त्याऐवजी मॅट, मडफ्लॅप आणि एक वर्षाची वॉरंटी वाढवून दे. कव्हरांवर त्याला चांगलं मार्जिन असतं, सहसा ऐकतो.